तीर्थावर चालणारी व्हॅन

बाजाराच्या दिवशी डोणगावच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. इंधननाथ महाराजांनी सगळ्यांदेखत भागवतच्या व्हॅनच्या रिकाम्या टाकीत कमंडलूतलं तीर्थ ओतलं, लिंबू ओवाळलं आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू!

"टाकीत अर्धं पेट्रोल, अर्धं तीर्थ!" महाराज गरजले. "इंजिन शंभर वर्षं जगते!"

बायांनी हात जोडले. मेहकर-डोणगाव व्हॅन चालवणारा रंगराव एरवी हसून पुढं गेला असता. पण भागवत त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ.

"दाजी, मी दोन महिन्यांपासून हेच पाजून राह्यलो," तो म्हणाला. "मी तुमाले खोटं सांगीन का?"

रंगरावनं महाराजांकडून तीर्थाच्या बाटल्या विकत घेतल्या. पंधरवड्यात इंजिन चढावर खडखडू लागलं, महिन्यात बंद पडलं. मिस्त्रीनं खोललं तर पिस्टनला भोक.

"श्रद्धा कमी पडली, दाजी," भागवत म्हणाला. व्हॅन घेतली तेव्हा पहिला नारळ रंगरावनं याच भागवतच्या हातून फोडून घेतला होता.

रोजच्या प्रवासी समीक्षा मॅडम हायस्कूलात विज्ञान शिकवत. त्यांनी फिल्टर पेपरवर पंपावरच्या पेट्रोलचा थेंब टाकला. तो उडून गेला, डाग नाही. शेजारी तीर्थाचा थेंब टाकला. तेलकट डाग राहिला.

"रॉकेल आहे, वरून अत्तर. पेट्रोलमध्ये मिसळलं की सिलिंडरात अवेळी भडकतं. तोच तुमचा खडखडाट. पिस्टन त्यानंच भाजला."

"मंग भागवतची गाडी काऊन चालते?"

"तेच बघू."

पुढच्या बाजारी पुन्हा तोच खेळ. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. रंगराव सरळ सीटला भिडला.

"हात लावू नको! खाली शेषनाग हाय!" महाराज किंचाळले.

सीट उचलली. टाकीची नळी काढून ठेवलेली, आणि एका पिवळ्या कॅनमधून दुसरी नळी इंजिनात गेलेली.

"शेषनाग प्लास्टिकचा हाय, महाराज," रंगराव म्हणाला. गर्दी हसली. तो हसला नाही. कॅनमधला थेंब त्यानं कागदावर टाकला. वाळला. डाग नाही.

"सोताच्या गाडीले शुद्ध, अन् मले हे काऊन पाजलं, बे?"

भागवतनं मान वर केली नाही. "तुमी घेतलं की सारे घेतात, दाजी. तुमच्यावर इश्वास हाय लोकायचा."

रंगरावच्या नव्या पिस्टनला आता वर्ष झालं. आरशापाशी लिंबू-मिरचीच्या जागी जुना, भोक पडलेला पिस्टन लटकतो. कुणी विचारलं की तो फिल्टर पेपर काढून देतो. थेंब टाका, वाळू द्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सांगणारा घरचा असला, तरीही.