वळण्यापुरती जागा

धप्.

पुष्कळ वर्षं झाली, पण हा आवाज अजून माझ्या अंगात आहे. कारखान्यात मला गाडीला जोडलं, तेव्हा पिकल्या केसांच्या एका कारागिराने मला वर उचललं, सोडलं आणि डोळे मिटून कान दिला. आवाज त्याच्या मनाला आला नाही. त्याने बिजागरीचा स्क्रू थोडा पिळला आणि मला पुन्हा सोडलं. धप्. "हां, आता बसला," असं म्हणून तो पुढच्या गाडीकडे गेला.

मी एका छोट्या एसयूव्हीचा मागचा, वर उघडणारा दरवाजा बोलतोय. बसला म्हणाला खरा तो, पण स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नव्हतं. दरवाजाचा जन्मच तसा. मिटावं तर कोणीतरी उघडतं, उघडावं तर कोणीतरी आपटतं.

आमची गाडी बाहेरून रुबाबदार आणि आतून बेताची. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तसं. त्यात माझं तोंड कायम मागे. पुढे काय येतंय ते पुढच्या काचेला ठाऊक. मला दिसतं ते मागे राहिलेलं: सुटलेला रस्ता, लहान होत जाणारी घरं, हात हलवून थकलेली माणसं. आणि एक खोट माझ्या अंगातच आहे. मी सरळ नाही, वरून तिरका आहे. त्याने गाडीला ऐट येते म्हणे. पण मागे जे काही ठेवाल, त्याच्या डोक्यावरची वीतभर जागा मी खातो. पिशव्यांनी कधी कुरकुर केली नाही, म्हणून मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

मला घेतलं एका क्रेन चालवणाऱ्याने. तो सासऱ्यांच्या घरात राहत होता. घरात तो, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि बायकोचे वडील. मुलगी एका जागी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिचे आजोबा गादीवाले. जन्मभर कापूस पिंजला, गाद्या भरल्या, टाके घातले. बोलणं अगदी कमी. एक वाक्य सुरू करायचे आणि मध्ये सुई ओवून घ्यायचे. ऐकणारा तोवर उठून गेलेला असायचा.

घरातला पाचवा म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना आजोबांनी त्याला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलं, म्हणून त्याचं नाव पडलं गाठोडं. वर्षभरात त्या गाठोड्याचा पेटारा झाला. उभं राहिलं की त्याची हनुवटी जेवणाच्या टेबलावर टेकायची. आणि ती टेकायचीच.

मग आजोबांच्या या क्रेनवाल्या जावयाला दूरच्या बंदरावर काम मिळालं. तिथे जायचं तर अख्खा दिवस गाडीत. सामान ट्रकने पुढे गेलं. घराला कुलूप घालायचं, बाबांना एकटं ठेवायचं नाही, हे लेकीने ठरवून टाकलं. आजोबा "बरं" म्हणाले. त्या 'बरं'च्या आत काय भरलंय, ते कोणी उसवून पाहिलं नाही.

प्रश्न उरला गाठोड्याचा.

"एवढ्या लांब मी त्याला कोंबून नेणार नाही," लेक म्हणाली. "आरामात मावलं तर येईल. नाहीतर कोंबडीवाल्याला सांगून ठेवलंय. त्याचं आवार मोठं आहे."

"मग मी पण कोंबडीवाल्याकडे राहते," भिंगरी म्हणाली.

"राहा की," जावई म्हणाला. "आम्हाला अंडी तरी फुकट मिळतील."

भिंगरी हसली नाही. माझ्याजवळ आली, मला वर ढकललं, आत डोकं घालून पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

आजोबांनी दोरी घेतली. जागं असलं की गाठोडं दोरीच खायला बघायचं, म्हणून दुपारी ते झोपल्यावर त्यांनी माप घेतलं. नाकापासून शेपटीपर्यंत, पाठीपासून पायांपर्यंत, प्रत्येक मापाला एक गाठ. मग तीच दोरी माझ्या पोटात, म्हणजे मागच्या सामानाच्या जागेत, धरली. बरोबर बसली. आजोबांनी चार दिवस खपून गादी शिवली, खाली घसरू नये म्हणून रबराचा तुकडा लावला. चढायला एक बुटकं स्टूलही आणलं, कारण उड्या मारून मोठ्या कुत्र्याचे सांधे लवकर जातात.

तळ्यापर्यंत जाऊन येऊ, असं ठरलं. गाठोडं ऐटीत स्टुलावरून चढलं, आत उभं राहिलं आणि त्याचं डोकं माझ्या काचेला लागलं. मान खाली घालून ते वळायला लागलं. नाक आपटलं. दुसरीकडून वळलं, तिकडे शेपटी अडकली. जाऊन येईपर्यंत ते एकदाही बसलं नाही. वळायला जायचं, थांबायचं, कण्हायचं, पुन्हा वळायला जायचं. माझी काच त्याच्या श्वासाने आंधळी झाली. मला वाटलं, एकदा तरी सरळ होता आलं असतं तर! पण लोखंडाला पश्चात्तापाने वाकता येत नाही.

"बाबा, माप नक्की कुणाचं घेतलंत?" जावई म्हणाला. "शेजारच्या मांजराचं?"

आजोबांनी दोरीच्या गाठी पुन्हा चाचपल्या. "माप बरोबर आहे," ते म्हणाले. मग दोरी गुंडाळून खिशात ठेवली. "कुत्रं चुकतंय."

आमची मागची सीट दोन भागांत पडते, एक भाग लहान, एक मोठा. दुसऱ्या खेपेला लहान भाग पाडला. पाडलेली सीट आणि माझ्या पोटातली जमीन यांत एक पायरी राहते. तिच्यावर कुत्र्याचं कंबरडं मोडेल, म्हणून आजोबांनी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ अशी उशी भरली आणि ती पायरी बुजवली. हात फिरवला तर सांधा कळू नये, असं काम. लांबी भरपूर झाली. पण रुंदी बोळासारखी. गाठोडं त्या बोळात शिरलं ते थेट पुढे गेलं आणि जावयाच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभं राहिलं. पेट्रोल पंपापर्यंत जावयाचा कान चाटून चाटून लाल झाला.

"अहो, आवरा त्याला!"

"मी आवरू? माझा कान त्याच्या तोंडात आहे!"

भिंगरी खदाखदा हसली. पण घरी आल्यावर मला उघडलं, तेव्हा गाठोड्याचे पाय थरथरत होते. लेकीने ते पाहिलं. तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाही. हे हाल नकोत. परवा सकाळी कोंबडीवाल्याला यायला सांगते."

भिंगरी घरात निघून गेली. त्या रात्री ती जेवली नाही, असं सकाळच्या बोलण्यावरून मला कळलं.

गाडीची पाठ घराकडे, म्हणजे माझं तोंड घराकडे, असा मी उभा होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोबा पायरीवर बसले होते. समोर अंगणात गाठोडं आलं. जमीन हुंगली, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, तिसरी अर्धी घेतली आणि मग धपकन अंग टाकलं.

आजोबा उठून उभे राहिले.

"अगं ए," त्यांनी लेकीला हाक मारली. "माझंच चुकलं. जन्मभर आडव्या माणसाची मापं घेतली मी. आडवं व्हायच्या आधी काय लागतं, ते कधी मोजलंच नाही."

त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू आणला, गाठोड्याला उठवलं. ते पुन्हा फिरलं आणि आजोबा वाकून त्याच्यामागे रेघ ओढत फिरले. बिचारं गोंधळून गेलं. पण अंगणात एक गोल उमटला. सगळे त्याच्याभोवती जमले. जावयाने टेप लावला आणि डोकं खाजवलं.

"मोठा भाग पाडला तर बसतं. अगदी आरामात बसतं. पण मग मागे बसायला एकच जागा उरते."

पुढे दोघं, मागे एक. हिशेब लहान पोरालाही येण्यासारखा होता.

"मी आजोबांच्या मांडीवर बसेन," भिंगरी म्हणाली.

"दिवसभर? काहीतरीच," लेक म्हणाली. "राहू दे, बाबा. तो गोल पुसून टाका."

आजोबांनी तो पुसला नाही.

निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तेच माझ्याजवळ आले. मला उघडलं, मोठा भाग पाडला, दोन्ही गाद्या जोडून अंथरल्या, कोपरे दाबून पाहिले. लेक बाहेर आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"हे काय चाललंय, बाबा?"

"कोंबडीवाल्याला नको म्हणून सांगून आलो."

"आणि तुम्ही?"

"मी मागून येतो. बसने."

"बसने? गुडघे धरतात तुमचे!"

"बसमध्ये पाय लांब करता येतात. तुमच्या या काडेपेटीत कुठे?"

मला लागलं ते, पण खोटं नव्हतं.

"बाबा, कुत्र्यासाठी तुम्हाला मागे ठेवून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, कुत्र्याची सोय झाली." आजोबांनी गादीवरचा दोरा उचलून खिशात टाकला. "पोरगी नव्या गावात जाणार. ओळखीचं कुणी नाही. हे सोबत असलं म्हणजे झोपेल तरी."

लेकीने कमरेवरचे हात काढले. मग म्हणाली, "महिन्याभरात न्यायला येते मी तुम्हाला. नाही म्हणायचं नाही."

"ये."

गाठोडं स्टुलावरून चढलं. मी अंग चोरून वाट पाहत होतो. त्याने गादी हुंगली. एक गिरकी. डोकं कुठे लागलं नाही. दुसरी गिरकी. तिसरी अर्धी. आणि एवढा मोठा उसासा टाकून त्याने सगळं अंग सोडून दिलं.

"बसलं!" भिंगरी ओरडली.

आजोबांनी त्याची बाहेर लोंबणारी शेपटी उचलून आत ठेवली. मला आपटलं नाही. दोन्ही तळवे लावून हळूच दाबलं. धप्. कारखान्यातून निघाल्यापासून इतका नीट मी कधी बसलो नव्हतो.

आता माझी कळ सैल झाली आहे. खड्डा आला की मी खडखडतो. गाठोडं जाऊनही बराच काळ लोटला, पण त्याचे पांढरे केस माझ्या रबराच्या पट्टीत अजून सापडतात, आणि भिंगरी ते काढू देत नाही. ती आता स्वतः गाडी चालवते. महिन्याभराने लेक खरंच न्यायला गेली होती. आजोबा म्हणाले, पुढच्या महिन्यात. मग त्याच्या पुढच्या. आम्ही जात राहिलो, ते शेवटपर्यंत आपल्या पायरीवरच भेटत राहिले. माझी विनंती एवढीच, की कोणाला कुठे न्यायचं झालं तर तो झोपलेला असताना माप घेऊ नका. आणि मला आपटू नका.

त्या सकाळचं थोडं राहिलं आहे, तेवढं सांगतो. जावयाने गाडी सुरू केली, पण निघाला नाही. आजोबा गाडीभोवती फिरत होते. टपावर तळवा टेकवत एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीत ते अर्ध्यावर माझ्यासमोर थांबले. काचेतून त्यांनी आत पाहिलं. गाठोड्याने मान वर केली. भिंगरीने सीटवरून मागे वळून हात हलवला. आजोबांचे ओठ हलले, आता काहीतरी म्हणतील असं वाटलं. आम्ही सगळे थांबलो होतो. त्यांनी काचेवरचा नाकाचा ओला ठसा बाहेरून बाहीने पुसून पाहिला. तो आतल्या बाजूला होता, निघाला नाही. मग ते वळले आणि खडूच्या गोलाला वळसा घालून, सावकाश घराकडे चालू लागले.