भारीतलं तेल

मित्रांनो, भराभर सांगतो, कारण मला स्वस्थ बसणं जमत नाही. मी एक जुना जनरेटर आहे. दोन माणसं उचलतील एवढाच, पण आवाज असा की शेजारी खिडक्या लावून घेतात. माझ्या पोटात छोटं इंजिन आहे. मोटारीच्या इंजिनाभोवती पाणी फिरतं, तसं माझ्याभोवती नाही. वारा लागेल तेवढाच गारवा. म्हणून मी फार तापतो, आणि म्हणूनच मला तीस नंबरचं साधं, दाट तेल लागतं. कारखान्यातून निघालो तेव्हापासून माझी एवढीच मागणी आहे.

मला आणलं मावशींनी. त्या अंडी उबवून पिल्लं विकतात. वीज गेली की उबवणीच्या पेटीतले दिवे आणि पंखा माझ्या जिवावर चालतात. "हा आहे म्हणून मला झोप लागते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी फुगून जायचो. पुढे वीज क्वचित जाऊ लागली. माझ्यावर रिकामी पोती साठली, कौतुकही आटलं. मी नुसता चुळबुळत राहिलो.

मावशींचा धाकटा भाऊ ड्रायव्हर, भारी हौशी. एके दिवशी त्याने माझी पोती झटकली, जुनं तेल काढलं आणि चकचकीत डब्यातलं नवं ओतलं.

"ताई, म्हाताऱ्याला भारीतलं तेल पाजलंय! माझ्या नव्या गाडीत हेच घालतात."

"माझ्या भावाचा हातच मोठा," मावशी कौतुकाने म्हणाल्या. माझं नेहमीचं तेल खाद्याच्या गोण्यांमागे गेलं. अरे, मला विचारा तरी! पण मला तोंड कुठे आहे?

पिल्लं बाहेर पडायच्या सकाळीच वीज गेली. बाहेर गारठा होता. भावाने दोरी ओढली आणि मी धावत सुटलो. आधी बरं वाटलं. मग अंग तापलं, तसं ते पातळ तेल आणखी पातळ झालं. लोखंडावर लोखंड घासू लागलं. मी खडखडायला लागलो, निळसर धूर ओकायला लागलो. थांबलो तर अंडी गार पडणार, धावलो तर मी कायमचा अडकणार.

मावशी धावत आल्या. "थांबव त्याला!"

"ताई, पिल्लं जातील!"

"हा जळला तर एकही वाचायचं नाही. थांबव म्हणते ना!"

मी थांबलो. मावशींनी घरातल्या सगळ्या गोधड्या पेटीवर टाकल्या. मग माझी तेल मोजायची पट्टी काढून तेल बोटांत चोळलं. "अरे, हे पाण्यासारखं झालंय."

भावाचा चेहरा पडला. "माझ्या गाडीला पाणी गार ठेवतं गं. याला नुसता वारा. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"डोकं नंतर धर, आधी गोण्या हलव."

तो जुना डबा शोधू लागला. मावशींनी खालचं बूच काढलं, माझ्यातलं गरम तेल खाली गळत होतं आणि मी भीतीने अर्धा झालो होतो. तेवढ्यात पेटीतून आवाज आला. टक. टक. कोणीतरी आतून कवच फोडत होतं. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी धावलो, पण माझ्याच आवाजात ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

दाट तेल पोटात उतरलं. भावाने पट्टी पुसून दोनदा पाहिली आणि दोरी ओढली. खडखड गेली. दिवे लागले. वीज आली तेव्हा पेटीत ओली पिल्लं एकमेकांवर धडपडत होती. सगळी नाही वाचली. जी वाचली, त्यांतलं एक मावशींनी भावाच्या ओंजळीत ठेवलं.

मित्रांनो, आम्हा जुन्यांवर माया करा, पण आम्हाला काय मानवतं ते आधी पाहा. भारीतलं नको, आमचं ते द्या. आणि आम्ही खडखडू लागलो तर वेळीच थांबवा. मी अजूनही चुळबुळतो, पण थांबायला आता घाबरत नाही. थांबलो की पिल्लं ऐकू येतात.