पाचव्या डावाचं भाकीत

नेरेइदा गाड्यावर पिठाच्या लाट्या करत होती, तेव्हा रेडिओवर रादामेसचा आवाज आला. "मंडळी, आज आपण हरणार. आपला पिचर पाचवा डावसुद्धा पुरा करणार नाही. माझ्या आतल्या डोळ्याला स्वच्छ दिसतंय."

रोज दुपारी रादामेस संध्याकाळच्या बेसबॉलच्या सामन्याचं भाकीत सांगायचा आणि अर्धं सान पेद्रो गाव हातातलं काम सोडून ऐकायचं. आजचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता नेरेइदाचा थोरला मुलगा, एलिएसेर.

आतला डोळा! कसला डोंबलाचा आतला डोळा! रविवारी चर्चमधली मिस्सा आटपल्यावर हाच माणूस तिच्या स्वयंपाकघरात नारळाच्या रसातली मासळी ओरपत बसला होता. तेव्हा तिनेच त्याला सांगितलं होतं, की पोराचं कोपर सुजतं, रात्रभर बर्फ लावावा लागतो, आणि तो कुणाला कळू देत नाही. कुणी चांगला हाडवैद्य असेल तर बघा. रादामेस हा एलिएसेरचा बाप्तिस्म्याचा बाप. त्या नात्याने दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणत. ही गोष्ट पोटातच ठेवीन, असं त्याने छातीवर क्रूस काढून सांगितलं होतं.

नेरेइदाने कढईखालचा जाळ बंद केला आणि पिठाच्या हातांनीच निघाली.

रेडिओचं ऑफिस न्हाव्याच्या दुकानावर, माडीवर होतं. तिने दार ढकललं तेव्हा कार्यक्रम चालू असल्याचा लाल दिवा लागलेला होता. रादामेस क्षणभर पांढरा पडला, पण जिभेला हाड कुठलं! "अरे वा! मंडळी, पिचरची आईच आली बघा. बोला, कोमाद्रे!"

त्याने माइक तिच्यापुढे सरकवला. जिना चढताना तिने शिव्यांची माळच ओवली होती. तोंड उघडलं मात्र, आणि तिच्या लक्षात आलं. ह्याने काय चहाडी केली ते सांगायचं, तर कोपराचं सांगावं लागणार. आज समोर खेळणारे राजधानीचे फलंदाजही ऐकत असतील. मग राग भलत्याच वाटेने बाहेर पडला.

"माझा पोरगा आज जिंकणार!" ती ओरडली. "पाच काय, सहा डाव टाकेल! कोण अडवतो बघू!"

खालून न्हाव्याच्या दुकानातून शिट्ट्या आल्या.

गाणं लावून रादामेस तिच्यामागून जिन्यात आला. "मी काय खोटं बोललो, कोमाद्रे?"

"खोटं बोलला असतास तर माफ केलं असतं." आज पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. "माझ्या घरातलं खरं तू चव्हाट्यावर आणलंस."

"लोकांना रोज भाकीत लागतं हो. रोज मी आणू कुठून?"

"म्हणून माझ्या पोराच्या हाडातून काढलंस, मेल्या?"

ती तशीच मैदानावर गेली. एलिएसेर खेळाडूंच्या खोलीबाहेर बूट बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"त्याला कुणी सांगितलं, आई?"

"मी. चुकले रे. आज नको टाकूस. पोट बिघडलंय म्हणून सांग."

"आता? सहा डाव टाकेल म्हणून तूच गावाला सांगितलंस ना? आज बसलो, तर उद्यापासून पोरंटोरंसुद्धा मला भित्रा म्हणतील."

"मी रागात बोलले."

"मग मीपण रागातच टाकतो," तो म्हणाला आणि आत गेला.

आणि त्याने टाकले. पहिले चार डाव राजधानीच्या फलंदाजांना त्याने अक्षरशः नाचवलं. पाचव्यात प्रत्येक चेंडूनंतर तो हात पाठीमागे लपवू लागला. थांबतोस का म्हणून संघाचा मॅनेजर दोनदा विचारून गेला, दोन्ही वेळा त्याने नकारार्थी मान हलवली. सहाव्या डावाचा शेवटचा गडी बाद झाला, तसा तो जागच्या जागी गुडघ्यांवर बसला. उजवा हात नुसता लोंबत होता.

उरलेले डाव दुसऱ्याने टाकले आणि सामना सान पेद्रोने जिंकला. लोक ढोल बडवत नेरेइदाच्या नावाने ओरडत होते. ती डॉक्टरच्या दाराशी उभी होती. कोपरातला स्नायुबंध तुटला होता. ऑपरेशन करावं लागणार, पुढचा हंगाम तर विसराच, असं डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रादामेस इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. "हरलो बुवा तुमच्यापुढे! गावभर तुमचंच नाव आहे, कोमाद्रे. आजपासून माझ्या शेजारी बसा. दोघं मिळून भाकीत सांगू."

नेरेइदाने पिठाचं पातेलं उचललं आणि त्याच्या अंगावर रिकामं केलं. आता लपवायला उरलंच काय होतं? गल्लीच्या मध्यावर उभी राहून तिने रविवारची मासळी, क्रूस, कोपर, सगळं सगळं ओरडून सांगितलं. लोक जमले. रादामेस पीठ झटकत, भिंतीला धरून निघून गेला. "नालायक!" कुणी म्हणालं. "देवाला तरी भ्यायचं!" दुसरा म्हणाला. बायका हळहळल्या.

मग कोपऱ्यावरचा चांभार खाकरला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "पण काय हो नेरेइदाबाई, आज कोण जिंकेल असं वाटतं?"

आणि सगळी गल्ली गप्प झाली, तिच्या उत्तरासाठी.

तिच्या मुठी वळल्या. तेवढ्यात मागून एलिएसेरचा आवाज आला. हात गळ्यात बांधून तो उंबऱ्यावर उभा होता. काल संध्याकाळपासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"आई, आत ये," तो म्हणाला. "ह्या लोकांना आता काही म्हणजे काही सांगू नकोस."