सगळ्यांचं ‘चालेल’

चॉकलेटच्या बारीक कणांचा डबा खुळखुळला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. सहा वर्षांची यिल्डू लोणी लावलेल्या पावावर ते कण भुरभुरत होती. किती भुरभुरले हे आईला आवाजावरून कळतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने आणखी एकदा डबा हलवला, मग आणखी एकदा.

तिच्या आईला, वित्स्केला, सगळं ऐकू आलं होतं. पण लेकीला रागवायलासुद्धा अंगात जीव लागतो, आणि तो आज नव्हता. रात्रभर तिच्या कानात एकच शब्द घुमत होता. बटण. बटण. बटण.

तिचा नवरा डूके दुधाच्या टँकरची पहाटेची फेरी संपवून दारात बूट काढत होता. “आज मीटिंग ना?”

“हो.”

“मग माझं ऐक. केक खा, कॉफी पी, ‘चालेल’ म्हण आणि घरी ये.”

“आणि उद्यापासून ऑफिसच्या दारात स्वागताला बसू?”

“दारात बसणं काय पाप आहे का? मी तर गोठ्यागोठ्याच्या दारात जातो. गाई कधी नमस्कारही करत नाहीत.”

तिला किंचित हसू आलं. डूके जवळ आला, तिच्या कपात कॉफी ओतली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “वसंतात तुझा करार संपतोय, वित्स्के. नवा करायचा की नाही, ते त्याच लोकांच्या हातात आहे.”

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे म्हणतेस, तेव्हाच मला भीती वाटते.”

वित्स्के जन्मापासून आंधळी. नेदरलँड्समधल्या लेउवार्डन शहरात, घरं भाड्याने देणाऱ्या एका संस्थेत ती तक्रारींच्या फोनवर बसत असे. कुणाचा नळ गळतो, कुणाचा हीटर बंद पडतो. ती ऐकायची, कॉम्प्युटरवर लिहायची आणि दुरुस्तीवाल्याला धाडायची. पडद्यावरचा मजकूर स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम तिच्या कानात वाचून दाखवायचा. संस्थेने तिच्यासाठी विकतचा स्क्रीन रीडर घेतला होता. घरी मात्र ती फुकट मिळणारा वापरायची, आणि तो तिला मनापासून आवडायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती सहज बोलून गेली होती, “माझा घरचा फुकटचा आहे, पण गुणाचा आहे बरं.”

तिचं ते बोलणं कुणीतरी लक्षात ठेवलं.

शरद ऋतूत विकतच्याची मुदत संपली. ज्या दिवशी त्यावर चर्चा झाली, त्या दिवशी यिल्डूला ताप होता आणि वित्स्के घरी होती. कॉम्प्युटर विभागाच्या माणसाने फुकटचा स्क्रीन रीडर सुरू केला, नगरपालिकेच्या वेबसाइटचं एक पान उघडलं आणि यंत्राने ते घडाघडा वाचलं. सगळे डोळे उघडे ठेवून ऐकत होते. किती छान, म्हणाले. मग फुकट असताना विकतचा कशाला? तिला काय, नंतर सांगू.

त्या माणसांत वाईट कुणीही नव्हतं. ज्याच्या डोळ्यांचं काम करणारं साधन काढून घेतलं जातंय, त्यालाच विचारायचं राहून जातं, आणि राहून गेलं हेही कुणाच्या ध्यानात येत नाही, अशी ही रीत आहे. संस्थेचा तक्रारींचा प्रोग्राम जुना होता. त्यातलं कुठलं बटण कशाचं, हे विकतच्या स्क्रीन रीडरला एका जाणकाराने खपून शिकवलं होतं. फुकटच्यालाही तसं शिकवता आलं असतं. पण शिकवणाऱ्याला मेहनताना द्यावा लागला असता, आणि एकदा ‘फुकट’ म्हटल्यावर तो खर्च कुणाच्या डोक्यात येणार? त्यामुळे त्या पडद्यावर आला की बिचारा एवढंच म्हणायचा, बटण. बटण. बटण. कशाचं, ते नाही.

वित्स्केने पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या गेर्लोफच्या कानात आपला एक इयरफोन घातला होता. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “अगं, हे म्हणजे नावं न लिहिलेल्या बरण्यांमधून मीठ शोधण्यासारखं झालं.”

“मग सांग ना वर.”

“सांगतो, सांगतो.”

तोवर तिने बटणांची जागा बोटांना पाठ करून टाकली. तक्रार तातडीची असेल तर अमुक, काम झालं असेल तर तमुक. जानेवारीत प्रोग्राममध्ये एक नवं बटण आलं आणि सगळी रांग सरकली. पाहणाऱ्यांना ते दिसलं. तिला कुणी सांगितलं नाही.

त्याच दिवशी तोल्स्माबाईंचा फोन आला. एकट्या राहणाऱ्या, वय झालेलं, हीटर बंद. वित्स्के म्हणाली, “काळजी करू नका, आजच पाठवते कुणाला तरी.” आणि तिच्या बोटाने ती तक्रार ‘काम झाले’ म्हणून बंद केली. बाहेर कालवा गोठला होता. तोल्स्माबाई वाट पाहत राहिल्या. सांगितलंय म्हणजे येतीलच, परत परत काय फोन करायचा, अशा स्वभावाच्या. शेजारणीला त्या सापडल्या तेव्हा अंगात ओव्हरकोट होता आणि बोलणं बरळल्यासारखं. आता त्या इस्पितळात होत्या, न्यूमोनियाने फुप्फुसं भरलेली.

मीटिंगमध्ये गुलाबी साखरेचा केक होता. मार्येत विभागाची प्रमुख होती, मायाळू आणि घाईतली. तिने वित्स्केच्या हातात बशी दिली, कपाचा कान तिच्या बोटांकडे वळवला.

“तोल्स्माबाईंचं जे झालं, त्याबद्दल तुला कुणीही बोलणार नाही. चूक माणसाकडूनच होते.”

“ती कशी झाली, ते कुणी विचारेल का?”

“तेच तर. तुझ्यावर ताण येतोय. म्हणून आम्ही एक सोपा मार्ग काढलाय, तुझ्या कानावर आलंच असेल. तू पुढच्या दाराशी बस. येणाऱ्यांचं स्वागत, दोन गोड शब्द. तुझा आवाज किती छान आहे. आणि तिथे कॉम्प्युटरचं फारसं काम नाही, त्यामुळे स्क्रीन रीडर फुकटचाच पुरे. तूच म्हणाली होतीस ना, गुणाचा आहे?”

“म्हणाले होते. आजही म्हणते. घरी त्याच्याच जिवावर मी बँकेचं बघते, लेकीच्या शाळेचे निरोप वाचते. सख्ख्या भावासारखा आहे तो मला. पण इथल्या पडद्यावर तो मुका आहे, कारण त्याला कुणी शिकवलं नाही. त्याला शिकवा, मी उद्यापासून विकतच्याचं नाव काढणार नाही. नाहीतर विकतचा परत आणा.”

“दोन्हीत खर्च आहे गं.”

“हो. दोन्हीत आहे.”

मार्येत म्हणाली, “बरं, एक फेरी घेऊ या.”

इथली जुनी पद्धत तीच. मतदान होत नाही, हुकूमही सुटत नाही. प्रत्येकाने आपापल्या तोंडाने ‘चालेल’ म्हणायचं, आणि शेवटचं ‘चालेल’ आलं की निर्णय झाला. एकजण जरी अडला, तरी विषय पुढच्या बैठकीवर ढकलावा लागतो. म्हणून कुणी अडत नाही. अडणाऱ्याची आठवण मात्र करार संपताना ठेवली जाते.

“चालेल,” खिडकीजवळून आवाज आला.

“मलाही चालेल.”

“वित्स्केला बरं पडणार असेल, तर चालेल.”

मग तिच्या डावीकडे खुर्ची करकरली. गेर्लोफ. त्याने घसा साफ केला. वित्स्के थांबली. केकचा घास तिने गिळलासुद्धा नाही.

“चालेल,” गेर्लोफ म्हणाला.

आता तिचीच पाळी. किती सोपं होतं. डूके म्हणाला तसं घरी जाता आलं असतं, शांत झोपता आलं असतं. तिला कोपऱ्यात बसवायला निघालेल्या या लोकांच्या आवाजात खरोखरच माया होती, आणि त्या मायेने ती इतकी दमली होती की डोकं टेबलावर टेकावंसं वाटत होतं.

“नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मला चालणार नाही. तुम्ही कोणता स्वस्त ते विचारलंत, तेही एकमेकांना. माझी बोटं कुठे पडतात, हे मला विचारलं नाहीत. एक बाई थंडीने मरता मरता वाचली. अजून वाचली म्हणायचीही सोय नाही. मी दाराशी बसले तर तुम्हाला वाटेल, प्रश्न मिटला. माझ्यानंतर दुसरी कुणी येईल, तिच्याही कानात हेच वाजेल.”

“वित्स्के, विषय उघडा राहिला तर वरच्यांना आवडणार नाही. तुझ्या करारासाठी म्हणते मी.”

“राहू दे उघडा. आणि संध्याकाळी मी इस्पितळात जाणार आहे. तोल्स्माबाईंना मी स्वतः सांगणार, त्यांची तक्रार कशी बंद झाली ते.”

बाहेर पडताना गेर्लोफने तिचा कोट तिच्या हातात दिला. “तू समजून घे गं,” तो पुटपुटला. ती समजत होती. त्याच्याही घरी दोन पोरं होती.

शाळेच्या फाटकाशी वारा कापत होता. यिल्डू धावत आली, आईचा हात धरला आणि बर्फ कुठे निसरडा आहे ते सांगत चालू लागली. मग म्हणाली, “तू ‘चालेल’ म्हणालीस?”

“नाही म्हणाले.”

“बाकीचे?”

“सगळे म्हणाले.”

“गेर्लोफकाकापण?”

हिवाळाभर यिल्डूला बर्फावर घसरायला शिकवणारा, दर रविवारी त्यांच्या टेबलाशी वाटाण्याचं सूप प्यायला येणारा गेर्लोफकाका.

“तोपण.”

यिल्डू थांबली. आईच्या काठीचं टोक बर्फावर तसंच टेकलेलं राहिलं.

“पण त्याने तर तुझ्या इयरफोनमधून ऐकलं होतं ना, आई? त्याला माहीत होतं. मग तो का म्हणाला?”