हिरव्यामागचा पिवळा

पिवळा मणी. पर्सच्या कप्प्यात, चाव्यांच्या खाली, नखाएवढा. चष्मा शोधताना बाईंच्या बोटाला लागला आणि बोट तिथंच थांबलं. हा इथं कसा... हो, रविवारचा. नातीला शिकवताना सांडलेला.

डीएनएची चार अक्षरं, म्हणून चार रंगांचे मणी ओवून बाईंनी रोपाच्या एका जनुकाची माळ केली होती. जनुकात कामाच्या मजकुरामध्ये मधेमधे भरताड असतं, पेशी जनुकाची नक्कल काढून त्यातून ते कापून टाकते आणि कामाचे तुकडे जोडते. भरताड सुरू होतं तिथं आधी हिरवा मणी, मग लाल. नात मात्र हिरव्या-पिवळ्यापाशी अडली. "आजी, इथंपण कापू?" "नाही गं राणी, ते चुकून ओवलंय." तरी पोरीनं कात्री चालवलीच, आणि मणी घरभर...

चुकून ओवलंय. संगणकाला शिकवतानाही हेच, बावीस वर्षं. कापण्याच्या हजारो खऱ्या जागा दाखवायच्या, मग प्रोग्राम नव्या जागा आपण होऊन ओळखतो. पण दाखवण्याआधी उदाहरणं निवडायची, धान्य निवडावं तशी — हिरवा-लाल नसेल ते नोंदवणाऱ्याची चूक समजून बाहेर. त्या स्वच्छतेचा बाईंना केवढा तोरा!

समोरच्या टेबलापाशी खार. बाईंची शेवटची विद्यार्थिनी. काहीही टाकून देत नाही, साठवून ठेवते, म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तिच्या प्रोग्रामनं कोरड्या मातीत तग धरणाऱ्या एका गवताच्या जनुकात नेमकी हिरव्या-पिवळ्यापाशी खूण केली होती. काल बाई म्हणाल्या, खोडून टाक ती खूण. कापण्याच्या जागांची यादी आज पाचला इतर संशोधकांकडे जाणार, तिच्यावर विसंबून दुसरे लोक वर्षानुवर्षं खपणार. खार एवढंच म्हणाली, "एक दिवस थांबू या ना, बाई. पेशीनं खरं कुठं कापलंय ते लॅब उद्या कळवणार आहे."

चष्मा सापडला. पडद्यावर लॅबचं उत्तर. बाईंनी अक्षरावर अक्षर बोट ठेवत वाचलं, मागं जाऊन पुन्हा वाचलं — पेशीनं हिरव्या-पिवळ्यापाशीच कापलं होतं.

"तुझ्या प्रोग्रामला हे शिकवलं कुणी?"

खार चाचरली. "रागावू नका. तुम्ही निवडून टाकलेली उदाहरणं... मी ठेवून दिली होती. एकेक तपासली. पुरावा भक्कम होता तेवढी परत घातली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नीट समजावून सांगितलं असतंत, बाई. आणि मला पटलं असतं."

बाईंना हसू फुटलं. मग त्या रागाची वाट पाहत बसल्या, आणि तो काही येईना. बावीस वर्षांच्या याद्या, त्यांत किती रोपांची जनुकं आपण भलत्याच जागी कापून ठेवली असतील... हे टोचत होतं, टोचत राहणार होतं. पण त्याच्या शेजारीच छातीत काहीतरी ताठ उभं राहत होतं. पटवून घेण्याआधी स्वतः तपासून पाहणारी पोर आपल्या हाताखाली तयार झाली. आपल्याच!

"खूण राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि जुन्या याद्या काढ. सगळ्या."

"आजच?"

बाईंनी मान डोलावली. मुठीत मणी होता. येत्या रविवारी नातीला सांगायचं होतं, आजी चुकली म्हणून — आणि त्या वाक्याची त्या चक्क वाट पाहत होत्या, लहानपणी प्रगतिपुस्तक घेऊन घरी पळत जाताना ते दाखवायची वाट पाहायच्या तशी.