तिंगयूच्या अभ्यासाचे प्रेक्षक

लसणाच्या वावरात ग्वेइलान आणि सूझेन यांचं भांडण जुंपलं ते पुस्तकाच्या एका पानावरून.

“वैनी, आर्दा तास झाला, तुजी पोरगी पान उलटंना,” सूझेन म्हणाली.

“तू लसूण उपट. माज्या पोरीची पानं मोजू नगंस.”

“मी कुटं मोजाय गेले? तूच तिचा अभ्यास लावून फोन ढिगावर उभा केलायस, समद्यांस्नी दिसंल असा!”

हे खरं होतं. नववीच्या परीक्षेला तेवीस दिवस उरले होते. तालुक्याच्या मोठ्या शाळेत जागा निम्म्या पोरांनाच. उरलेल्यांनी वेल्डिंग नाहीतर केस कापणं शिकायचं. ही वेळ येऊ नये म्हणून वर्गाच्या हाओ बाईंनी नियम काढला होता : प्रत्येक पोरानं घरी अभ्यास करतानाचा व्हिडिओ रोज वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. न टाकणाऱ्याचं नाव यादीत लाल.

ग्वेइलानची तिंगयू तेवढ्यावर थांबली नाही. तिनं आपला अभ्यास फोनवरून थेट जगालाच दाखवायला सुरुवात केली. मागे स्वच्छ चादर, केसांत फीत, पुढ्यात गुलाबी कंपास आणि ‘चला, मिळून लढू या’ अशी पाटी. तिला फॉलो करणारे जमले सोळा हजार. दुसऱ्याची पोर वाचताना बघून लोकांना काय मिळतं, मला सांगता येणार नाही. पण रोज दुपारी त्यांच्याच सरीत लसूण उपटता उपटता मीही बघत होतो. पालकांच्या सभेत हाओ बाई म्हणाल्या, “तिंगयूकडून शिका.” त्या सभेतून ग्वेइलान वीतभर उंच होऊन परतली. छिंगदाओ शहरात बांधकामावर असलेला तिचा नवरा जेवणाच्या सुट्टीत चार गवंड्यांना गोळा करून लेकीचा अभ्यास दाखवायचा. आणि वावरात ग्वेइलान दर सरीच्या टोकाला मान वळवून फोनकडे बघायची. पोरगी बसलेली दिसली की अभ्यास चालू आहे, असा तिचा हिशेब.

“सोमवारपास्नं त्याच तिरक्या त्रिकोणावर बसलीय,” सूझेननं सोडलं नाही.

“तुजा ल्योक काय दिवे लावतोय ते बघ आदी!”

“माजा ल्योक ढ हाय. पर ढ असल्याचं सोळा हजार लोकांस्नी दावत न्हाई त्यो.”

सगळी सरी हसली. ग्वेइलाननं हातातलं खुरपं उगारलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तसंच घेऊन ताडताड घराकडे निघाली. फोन ढिगावरच राहिला. आम्ही लसूण सोडून त्याच्याभोवती बसलो.

थोड्या वेळानं पडद्यावर स्वच्छ चादरीसमोर चिखलाचे पाय आले.

“आये, बाजूला हो, चालू हाय,” तिंगयू कुजबुजली.

“काय चालू हाय?”

“अभ्यास.”

“मग ह्यो त्रिकोण मला सांग समजावून.”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“न्हाई कळलं तर पुन्यांदा सांग. दिस मोटा हाय.”

तिंगयूनं त्रिकोणाकडे बघितलं. त्रिकोणानं काही मदत केली नाही. मग तिचे डोळे हळूच फोनकडे सरकले. तिथं बघ्यांनी उत्तरांचा पाऊस पाडला होता.

“एकशेवीस अंश,” ती म्हणाली.

“कशावरनं?”

पोरगी पुन्हा फोनकडे बघू लागली. तिथं बघ्यांत एकशेवीसवाले आणि साठवाले यांची जुंपली. ते एकमेकांचे आईबाप काढू लागले. त्या घडीला तीनशे बघत होते ते चार हजार झाले. लाल बदामांचा सडा पडला. तिंगयूचा चेहरा उजळला. ओठ न हलवता ती म्हणाली, “आये, चार हजार झालं! आजून वरड.”

ग्वेइलान ओरडली नाही. तिनं लेकीकडे नुसतं बघितलं. मग तिचा हात पुढे आला आणि पडदा काळा झाला.

“वाटलं नव्हतं मला, एवडं हुईल,” सूझेन म्हणाली आणि पुन्हा लसूण उपटू लागली.

ग्वेइलानचा फोन द्यायला मी तिच्या घरी गेलो. ती उंबऱ्यात बसली होती. पोरीचा फोन गव्हाच्या कणगीत पुरला होता. मी पोचतो तोच हातातला फोन वाजला. हाओ बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“शाळेची शोभा केलीत तुम्ही! आणि आजचा व्हिडिओ कुठाय? तिंगयूचं नाव लाल करावं लागेल मला.”

“करा.”

“अहो, ती अभ्यास करतेय याचा काही पुरावा तरी पाठवा!”

ग्वेइलाननं मागे वळून बघितलं. मीही बघितलं. आत तिंगयूची फीत सुटली होती, नाक गळत होतं. खोडून खोडून कागद फाटला होता. शेवटी पोरीनं नववीचं पुस्तक बाजूला सारून फळीवरून आठवीचं काढलं होतं, आणि त्रिकोणाचा धडा सुरू होतो तिथून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत होती. हुंदका आला की बोट थांबायचं, मग पुढे सरकायचं.

“पुरावा हाय, बाई,” ग्वेइलान म्हणाली. “पर रडतीय ती. त्येचा फोटू काडायचा न्हाई.”

आणि फोन बंद करून ती पोरीकडे पाठ करून बसली.