अकरा नंबरचा कॉम्प्युटर

खोलीतून बाहेर पडताना दिवा, पंखा, जे काही चालू असेल ते बंद करायचं, हे आजोबांनी नातीला शिकवलं तेव्हा ती स्टुलावर चढून बटणापर्यंत पोचत असे. आता ती कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, पण सवय तीच. म्हणून जेवायला जाताना तिनं लॅबमधला अकरा नंबरचा कॉम्प्युटर नीट बंद केला, खुर्ची आत सरकवली आणि मगच गेली.

सव्वादोनला येऊन तिनं तो सुरू केला. स्क्रीन धुतल्यासारखी स्वच्छ! सकाळभर लिहिलेला भूगोलाचा प्रकल्प कुठंच नव्हता. चार वाजता तो पाठवायचा होता. नाही पाठवला तर वीस गुणांवर पाणी.

लॅब सांभाळणाऱ्या मॅडम हेडफोनच्या वायरींचा गुंता सोडवत बसल्या होत्या.

"मॅडम, माझी फाइल गेली. इथंच, समोर ठेवली होती."

"कॉम्प्युटर बंद केलास?"

"हो. जेवायला जाताना."

"अगं बाई!" मॅडमनी वायरी खाली ठेवल्या. "बाकीचे उठतात आणि चालू लागतात. बंद करा, बंद करा म्हणून माझा घसा बसला. आणि एक शहाणी मुलगी बंद करते, तर नेमकं तिचंच काम जावं!"

मग त्यांनी समजावलं. एकेका कॉम्प्युटरवर दिवसभरात वीसजण बसतात. एकाचा पसारा दुसऱ्याला नको, म्हणून तो बंद करून सुरू केला की पहिल्या दिवसासारखा कोरा होतो. "दारावर सूचना लावलीये की."

दोघींनी दाराकडं पाहिलं. दार सतत उघडं, भिंतीला टेकलेलं. सूचना बिचारी भिंतीला वाचून दाखवत होती.

मुलीचे डोळे भरून आले. तिनं आजोबांना फोन लावला.

"आजोबा, तुमच्या सवयीनं घात केला!"

सगळं ऐकून झाल्यावर आजोबा म्हणाले, "रडून झालं? मग माझी वही आणतो."

गल्लीतल्या एकतीस झाडांची सावली दोघांनी मिळून मोजली होती. टेपचं एक टोक तिच्याकडं, दुसरं आजोबांकडं, आणि आकडे त्यांच्या वहीत. शिवाय जेवायला जाण्याआधी तिनं अख्खा प्रकल्प त्यांना फोनवर वाचून दाखवला होता, तेव्हा शाळामास्तरकीची जुनी खोड म्हणून त्यांनी चुका टिपून ठेवल्या होत्या.

"किती चुका?"

"नऊ. तेव्हाच सांगणार होतो, तर तुला भूक लागलेली."

मॅडमनी एक हेडफोन सोडवून तिच्या हातात दिला. "फोनला जोड आणि कानाला लाव. दोन्ही हात मोकळे राहतील."

"पहिलं झाड," आजोबांनी सुरुवात केली, "सकाळी नऊ वाजता सावली चार मीटर."

"हळू, आजोबा."

"तू पाटीवर लिहायचीस तेव्हा तरी मी घाई केली होती का?"

आकडे संपले, मग मजकूर. काय लिहिलं होतं ते तिला आठवत होतंच, आणि जिथं अडे तिथं आजोबांनी टिपलेली चूक कामाला येई. "इथं तू म्हणालीस, सावली कमी आहे. किती कमी, ते लिही. कमी म्हणजे काय, चहातली साखर आहे?"

मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "आणि हे इथं ठेव. कॉलेजनं प्रत्येकाला स्वतःचा कप्पा दिलाय. कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडतो. तुझा तीन महिने रिकामाच पडलाय, बघ."

चारला बारा मिनिटं कमी असताना प्रकल्प गेला. सकाळच्यापेक्षा अर्धं पान जास्त, आणि नऊ चुकांनी हलका.

तरी मुलगी उठेना. तिनं कॉम्प्युटरच्या बटणाकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं.

"कर बंद," मॅडम म्हणाल्या. "मी आहे ना."

तिनं बंद केला आणि पुन्हा सुरू केला. स्क्रीन कोरी. कप्पा उघडला. एकतीस झाडं आपापल्या सावलीसकट जागच्या जागी उभी होती.

"दिसतंय का?" कानात आजोबा.

"दिसतंय, आजोबा. सगळं."

"मग आता बंद कर आणि घरी ये. त्या मॅडमना माझा नमस्कार सांग."

मॅडम दारावरची सूचना अलगद सोलून काढत होत्या. मुलीनं कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची आत सरकवली, आणि चिकटपट्टी शोधायला त्यांच्या मदतीला गेली.